डिझाइन फुकट, छपाईचे तेवढे द्या

बेळगावात कुणी डिझायनर व्हायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो पुण्याला जाण्याचा. घरचे देतात, चित्रकलेचे सर देतात, ज्यांनी स्वतः कधी बेळगाव सोडलं नाही असे प्रेसवाले काकाही देतात. सल्ल्यामागचा हेतू चांगलाच असतो आणि त्याला इतिहासही आहे. इथे के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले चित्रकार रवी परांजपे पुढे मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात नावारूपाला आले. बेळगावात राहून ते झालं नसतं. त्या काळी एजन्सी मुंबईत, छपाईचे ब्लॉक करणारा मुंबईत, चांगली छपाई मुंबईत आणि जाहिरात देणारा मालकही मुंबईतच. चित्रकार तिथे गेला नाही तर चित्र तिथे पोचायचंच नाही.

आज टिळकवाडीतल्या एका खोलीत केलेलं पाकीट पुण्यात छापलं जातं आणि त्याचं प्रूफ मालक पणजीत बसून फोनवर बघतो. तरी सल्ला तोच. पुण्याला गेलेल्याला एक गोष्ट मात्र नक्की मिळते, ती म्हणजे सोबत. शेजारच्या टेबलावरचा किती घेतो ते कळतं, कोटेशन कसं लिहितात ते दिसतं, पैसे अडकले की फोनवर कसं बोलायचं ते कानावर पडतं. इथे घरी एकट्याने काम करणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. म्हणून तो पहिली तीनचार वर्षं पडेल त्या भावात काम करतो, मग एखाद्या बँकेत किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात चिकटतो आणि रविवारी लग्नपत्रिका करतो.

माझं म्हणणं असं की सीमाभागातल्या फ्रीलान्स डिझायनरला आडवा येतो तो तोंडी व्यवहार. काम तोंडी, दर तोंडी, मुदत तोंडी, चार वेळा केलेले बदल तोंडी आणि पैशांचं विचारलं की ‘बघू की’. हा व्यवहार सुधारण्याचं ओझं एकट्या पोरापोरींच्या डोक्यावर टाकून भागणार नाही. काम देणाऱ्या आपल्या मंडळांनी, पतसंस्थांनी, शाळांनी आणि दुकानदारांनीही त्यात हात घातला पाहिजे, आणि जिथे त्यांना सुचत नाही तिथे कायद्याने.

डिझाइन फुकट कसं झालं ते आधी बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही फ्लेक्सच्या दुकानात जा. मशीन कर्ज काढून घेतलेलं असतं. हप्ता थांबत नाही, म्हणून मशीन थांबून चालत नाही. पलीकडच्या दुकानाने स्क्वेअर फुटाला रुपया कमी केला की यालाही करावा लागतो. भाव उतरवायला जागा उरली नाही की गिऱ्हाइकाला धरून ठेवायला एकच आमिष राहतं: ‘डिझाइन फुकट, छपाईचे तेवढे द्या.’ मग कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसलेल्या ऑपरेटरच्या पाठीशी गिऱ्हाईक मोबाइल घेऊन उभं राहतं. ‘नाव जरा मोठं कर की गा.’ ‘साहेबांचा फोटो वर घे.’ ‘मागं ते सूर्याचं टाक, त्यांच्या बोर्डावर आहे तसलं.’ वीस मिनिटांत पोस्टर तयार. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत झालं, गिऱ्हाइकानेच सांगून करून घेतलं, मग त्याचे वेगळे पैसे कसले? दुसऱ्या दिवशी हाच माणूस फ्रीलान्सरकडे जातो, तो बोधचिन्हाचे पाच हजार सांगतो, आणि या माणसाला खरोखरच वाटतं की आपल्याला लुटायला निघालाय.

फ्लेक्सवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं त्याला कळतं. (कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर फ्लेक्सवरही बंदी घातली होती. बंदी फायलीत आहे आणि फ्लेक्स खांबावर.) पण डिझाइन बिलात वेगळं दिसलं नाही की त्याला किंमत उरत नाही, आणि ते चुकलं तर कुणाचं चुकलं हेही ठरत नाही. शंभर पत्रिकांवर वराच्या आजोबांचं नाव चुकलं की मालक ऑपरेटरकडे बघतो, ऑपरेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं मॅटर दाखवतो आणि शेवटी पुन्हा छापायचा खर्च जो सगळ्यात नरम असेल त्याच्या गळ्यात पडतो.

इथलं डिझाइनचं काम सोपं असतं असाही एक समज आहे. त्यासाठी दुकानाचा एक बोर्ड घेऊ. मिठाईचं दुकान, कुंदा विकणारं, बोर्ड दहा फूट लांब आणि तीन फूट उंच. कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायद्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून फलकावर साठ टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात. म्हणजे तीन फुटांपैकी पावणेदोन फुटांहून थोडं जास्त कन्नडचं. उरलेल्या सव्वा फुटापेक्षाही कमी जागेत मराठी आणि इंग्रजी.

आता अक्षरं बघा. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ज्याला ते ओत्तक्षर म्हणतात, ओळीच्या खाली लटकतो. म्हणून कन्नड ओळीखाली मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर तो भाग खालच्या ओळीत घुसतो. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना यातलं काहीच लागत नाही, ती चौकोनात गुमान बसतात. तिन्ही ओळी एकाच मापाच्या फॉन्टमध्ये टाकल्या तर इंग्रजी सगळ्यात मोठी दिसते आणि मराठीचं अक्षर सगळ्यात बारीक, कारण मराठीची बरीचशी उंची वेलांटी-मात्रा-उकारातच जाते. ज्या दुकानदाराला आपली मराठी दिसावी अशी मनापासून इच्छा आहे, त्याच्याच बोर्डावर ती रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाही. यात सरकारचा जेवढा हात, तेवढाच त्या वीस मिनिटांच्या फुकट डिझाइनचाही.

जाणता डिझायनर इथे काय करतो? मराठी आणि इंग्रजी एकाखाली एक न लावता एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवतो. शिरोरेषेखालचं अक्षराचं अंग भरलेलं असेल असा देवनागरी फॉन्ट निवडतो. कन्नड आणि देवनागरीची जाडी जुळावी म्हणून दोन्ही लिप्या एकाच घराण्यात असलेला फॉन्ट घेतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘बालू’ घराण्यात दोन्ही आहेत आणि ते वापरायला मोफतही आहे. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आलेत का ते तपासतो, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये भाषा मराठी म्हणून निवडल्याशिवाय आपली वळणं येत नाहीत. फोनवरून युनिकोडमध्ये आलेलं मॅटर जुन्या श्रीलिपीत किंवा कन्नडच्या नुडीत (ही युनिकोडच्या आधीची फॉन्ट-सॉफ्टवेअरं) उतरवताना ‘ऱ्या’सारखी अक्षरं फुटतात, ती हाताने दुरुस्त करतो. कन्नड ओळ कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतो आणि मगच सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के करून, छपाईला देतो. हे काम वीस मिनिटांचं नाही. अर्ध्या दिवसाचंही नाही.

यातून पुढची गोष्ट निघते, तिच्यावर आपल्याकडे नाक मुरडलं जाईल. सीमाभागातल्या मराठी डिझायनरने कन्नड लिपीचं काम नीट शिकलं पाहिजे. बोलण्यापुरतं कन्नड बहुतेकांना येतंच. मी म्हणतोय ते अक्षरांचं वळण, जोडाक्षर कुठे बसतं, ओळीत किती अंतर लागतं हे. साठ टक्क्यांचा नियम या भागातल्या मराठी माणसावर अन्याय करणारा आहे असं माझं मत आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमावादाच्या दाव्याचा निकाल काय लागायचा तो लागो, आपल्या गावात आपली भाषा ठळक लिहिण्याचा हक्क त्या निकालापर्यंत टांगून ठेवण्याचं कारण नाही. पण एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणाऱ्याने दोन नोव्हेंबरला कन्नड मॅटर हातात घेतलं तर त्याने काही विकलं असं होत नाही. बंगळूरच्या चांगल्या स्टुडिओत कन्नड अक्षरं जाणणारे भेटतात, पण मराठीची वळणं त्यांना परकी. पुण्यात याच्या उलट. हुबळीच्या मसालेवाल्याला सांगली-साताऱ्यात पाकीट विकायचं आहे, कोल्हापूरच्या डेअरीला धारवाडात. दोन्ही लिप्या एका हाताने, सारख्या दर्जाने बसवणारा माणूस त्यांना हवा असतो आणि तो तयार व्हायला बेळगावसारखी दुसरी जागा नाही. ज्याला आपण अडचण म्हणत आलो तो आपला धंदा आहे.

इथल्या डिझायनरने कोटेशनमध्ये एक वाक्य कायम छापून ठेवावं: फलकावरच्या भाषांच्या प्रमाणाची आणि त्याच्या परवानगीची जबाबदारी ग्राहकाची, त्यासाठी पुन्हा काम करावं लागल्यास वेगळे पैसे. मराठी फलकांना काळं फासण्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. महापालिकेची नोटीस आल्यावर रातोरात बोर्ड बदलण्याची पळापळही पाहिली आहे. त्या प्रत्येक वेळी दुसरं डिझाइन फुकटच झालं. ‘बोर्ड तूच केला होतास ना?’ एवढं एक वाक्य त्याला पुरलं.

आता आपल्याच घरातलं दुखणं. सीमाभागात मराठी टिकली ती संस्थांमुळे. १९४६ च्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच बेळगावात. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि माणसं मांडवात दाटीवाटीने बसून भाषणं ऐकतात. याचा अभिमान वाटावा तेवढा थोडाच. पण एकंदर आपल्याकडच्या सार्वजनिक कामांत एक रीत पडून गेली आहे. मांडववाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे, आचाऱ्याला पैसे, आणि निमंत्रण, बोधचिन्ह, स्मरणिका, कमानी, प्रमाणपत्रं करणाऱ्या पोराला मात्र सांगायचं, ‘आपल्या भाषेचं काम आहे, थोडी सेवा समज.’ सेवा करायची तर सगळ्यांनी करावी. मंडप मराठीसाठी फुकट लागत नाही.

माझ्या माहितीतलं एक काम सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. शहापुरात राहणाऱ्या एका मुलीने तिची सगळी मांडणी केली. लेख आणि जाहिराती सेट करायला जेवढा वेळ लागला नाही तेवढा संचालकांच्या फोटोंना लागला. अध्यक्षांचा फोटो उपाध्यक्षांपेक्षा किती मोठा हवा, माजी अध्यक्ष विद्यमान संचालकांच्या आधी की नंतर, एका संचालकांना टोपी घातलेला फोटो नको होता, दुसऱ्यांना टोपीवाचून नको होता. प्रत्येक वेळी नवं प्रूफ, आणि प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. पैशांचं आधी काही ठरलं नव्हतं. समारंभात तिला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. नंतर महिनाभराने तिने बिल दिलं तेव्हा संस्थेतल्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या मते तिचा सत्कार झालेला होता.

सरकारही याहून फार वेगळं वागत नाही. स्वच्छ भारत मोहिमेचं चष्म्याचं बोधचिन्ह २०१४ मध्ये खुल्या स्पर्धेतून निवडलं गेलं. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. आपल्यापासून दोनअडीच तासांवरच्या गावातला माणूस. त्यांना ५० हजार रुपयांचं बक्षीस मिळालं आणि आज नव्या मालिकेच्या प्रत्येक नोटेच्या मागे तो चष्मा छापलेला असतो. ही अभिमानाची गोष्ट आपण पोरांना सांगतो आणि त्यातली दुसरी बाजू गाळतो. अशा स्पर्धेत एकाला बक्षीस मिळतं, बाकी सगळ्यांनी पूर्ण काम करून दिलेलं असतं ते फुकट. गवंड्यांची स्पर्धा घेऊन ज्याची भिंत आवडेल त्यालाच मजुरी द्यायचं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण गावातल्या शाळेचं, ग्रंथालयाचं, उत्सवाचं बोधचिन्ह करायचं झालं की आपल्याला पहिली स्पर्धाच सुचते. शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा वेगळी, ती घ्यावी. व्यावसायिक काम हवं असेल तर दोघातिघांचं आधीचं काम बघावं, एकाला निवडावं आणि त्याच्याशी दर ठरवावा.

पैसे अडकल्यावर करायचं काय? इथे बहुतेकांची समजूत अशी की कोर्टात जाणं परवडत नाही, म्हणजे काहीच करता येत नाही. तसं नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. एकट्या डिझायनरला आधार आणि पॅनवर ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करता येते, तिला एक पैसा लागत नाही. (गल्लीतल्या सायबर कॅफेत तिचे पैसे घेतात तो भाग निराळा.) ही नोंदणी असली की ग्राहकाने ठरल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी ठरलं असलं तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच लेखी ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक रेट सहा टक्के धरला तर ते अठरा टक्के होतं. सावकाराच्या जवळपास.

याच कायद्यातली एक बारीक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर ते काम स्वीकारलं असंच धरलं जातं. बिल मागायला गेल्यावर तीन महिन्यांनी ‘तसं ते आम्हाला आवडलंच नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरं औषध नाही. आणि सीमाभागातल्या माणसासाठी आणखी एक गोष्ट: तक्रार ऐकायचा अधिकार पुरवठादार जिथे आहे तिथल्या सुविधा परिषदेला (या कायद्याखाली थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाला) आहे, ग्राहक देशात कुठेही असो. मुंबईच्या कंपनीने बेळगावच्या पोराचे पैसे ठेवले तर दाव्यासाठी त्याला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, कर्नाटकातल्या परिषदेपुढे जाता येतं आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर धावाधाव करून केलेलीवर विसंबू नये. त्यातच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी सोय केली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च व्यापाऱ्याला त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च जवळ आला की कारखान्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करून ‘तुमचा उद्यम नंबर आहे का हो?’ विचारतात ते यामुळेच. तो नंबर लेटरहेडवर छापला तर फोनची वाट बघावी लागणार नाही.

मग कुणी हे वापरत का नाही? कारण समोरचा ओळखीचा असतो. तो वडिलांचा मित्र असतो, भावकीतला असतो, नाहीतर मंडळाचा अध्यक्ष असतो आणि येत्या निवडणुकीत नगरसेवक होणार असतो. एका बिलासाठी तक्रार केली तर पुढची दहा कामं जातील ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी परिषदेला दुसरा नंबर देतो आणि कागदाला पहिला. कागद म्हणजे वकिली करार नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी: काय काय करून देणार, किती वेळा बदल करणार, एकूण रक्कम, त्यातली निम्मी आधी, उरलेली कोणत्या तारखेला. समोरच्याने ‘ओके’ लिहिलं की झालं. मैत्री तुटते ती पैशांचं मागाहून बोलल्याने. आधी बोललेल्याने ती तुटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

ओपन फाइलचा, म्हणजे ज्यात पुढे बदल करता येतात त्या मूळ फाइलचा, वाद हाही तोंडी व्यवहाराचाच लेक. ‘पैसे दिलेत, फाइल दे’ असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि डिझायनरला कळत नाही की द्यावी की नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या चिन्हाचा पहिला हक्कदार साधारणपणे तोच, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. हे गिऱ्हाइकाच्या कानावर कुणी घातलेलं नसतं. ज्या बेकरीवाल्याने दहा वर्षं एकच चिन्ह गाड्यांवर रंगवलं त्याचा त्या चिन्हावरचा हक्क कागदावर कच्चा असू शकतो. म्हणजे कागद नसणं दोघांनाही महागात पडतं. बोधचिन्हाच्या बिलात ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमस्वरूपी ग्राहकाकडे’ असं सहीनिशी लिहून देणं हा मला सरळ मार्ग वाटतो. ओपन फाइलचे वेगळे पैसे घ्यायचे असतील तर तेही आधीच लिहावं.

सीमेची म्हणून एक खास भानगड आहे. बेळगावातून कोल्हापूरच्या, सांगलीच्या किंवा पणजीच्या ग्राहकाला बिल केलं की तो आंतरराज्य व्यवहार झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा परराज्यात सेवा देणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होती. पुण्यातल्या पोराला पिंपरीत काम करताना जे करावं लागत नव्हतं, ते निपाणीच्या पोराला कागलमध्ये काम करताना करावं लागत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेवांसाठी ती सक्ती काढली आणि २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट दिली. पण गैरसमज मागे राहिला. ‘तू कर्नाटकातला, जीएसटी नंबर नसेल तर आम्हाला चालत नाही’ असं सांगून काम परत घेणारे ग्राहक अजून भेटतात, आणि पोरं मान खाली घालून परत येतात.

कायद्यात एक मोठी भेग अजून आहे. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, तो चांगलाच आहे. पण तो अ‍ॅपवरून किंवा प्लॅटफॉर्मवरून काम घेणाऱ्यांसाठी. ज्याचा ग्राहक समोरच्या गल्लीत आहे आणि मधे कुठलंच अ‍ॅप नाही, तो त्यात बसत नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून नियम आहे: फ्रीलान्सरला आठशे डॉलर किंवा जास्तीचं काम दिलं तर लेखी करार देण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत पैसे. मला त्यातली जबाबदारीची वाटणी आवडते. आपल्याकडे कागद मागणारा लहान असतो आणि कागद मागितला की तोच उद्धट ठरतो. कायद्याने मोठ्यालाच कागद द्यायला लावलं तर लहानाला तोंड वाईट करावं लागणार नाही. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी योजना जाहीर करतं, कर्नाटक बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरवतं. दोघांपैकी एकाने तरी निदान आपल्या खात्यांना, अनुदान घेणाऱ्या संस्थांना आणि मंडळांना एवढी अट घालावी.

विरोधात बोललं जातं त्यातली एक गोष्ट मला मान्य आहे. निपाणीच्या पानपट्टीवाल्याला किंवा संकेश्वरच्या मिरचीच्या अडत्याला बोधचिन्हाचे पाच हजार देणं खरंच जड जातं. ॲडव्हान्स मागितला की तो शेजारच्या दुकानात जाईल, आणि जाऊ द्यावं. तो फ्रीलान्सरचा ग्राहक नाहीच, तो फ्लेक्सवाल्याचा आहे आणि तिथे त्याचं काम भागतं. चूक होते ती त्याच्यासाठी आपला दर पाडून ठेवण्यात, कारण मग उद्यमबागेतला कारखानदारही त्याच दराचा आग्रह धरतो. सगळ्यांनी मिळून एक किमान दर ठरवावा असंही सुचवलं जातं. तसं करू नये. एकाच धंद्यातल्यांनी संगनमताने दर बांधणं स्पर्धा कायद्यात अडकू शकतं. अटी मात्र एकसारख्या ठेवता येतात: निम्मे आधी, बदल दोनदा, उद्यम नंबर बिलावर. परदेशी कामाच्या वेबसाइटवर जाऊन बघायला हरकत नाही, पण फायव्हर कमाईतले वीस टक्के कापून घेतं हे हिशेबात धरूनच. आणि एआय? ज्याला वीस मिनिटांचं पोस्टर हवं होतं तो आता दोन मिनिटांत करून घेईल. तीन लिप्यांचा बोर्ड करून बघा म्हणावं आणि मग कन्नड ओळ कुणाला तरी वाचायला द्या.

सुरुवात कुठून करायची तर गणपतीपासून करावी. मंडळांचे अहवाल मी आवडीने वाचतो. मागच्या पानांवर जमाखर्च असतो: मूर्ती, मंडप, लायटिंग, साउंड, महाप्रसाद, मिरवणूक, छपाई. डिझाइन नावाची ओळ त्यात मला अजून दिसलेली नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांचा खर्च बघा, तिथेही तेच. यंदा ती ओळ घालावी, रक्कम दोन हजार असली तरी चालेल. एकदा ती घालायची ठरली की खजिनदार पावती मागेल. पावती द्यायची तर पोराला बिल लिहावं लागेल, त्यावर तारीख, कामाचं वर्णन, पॅन, उद्यम नंबर टाकावा लागेल आणि मंडळाला ते कोणत्या तरी दिवशी भागवावं लागेल. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली तरी नव्या खजिनदाराला जुन्या अहवालात तो आकडा सापडेल, आणि घासाघीस करायची तर त्याला तिथून सुरू करावी लागेल.